शिसे आणि हृदयाचे आरोग्य : गावपातळीवरील एक दुर्लक्षित प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात वेळ नदीच्या काठी वसलेले तळेगाव ढमढेरे हे जुने बाजाराचे गाव आहे. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील शिक्रापूर येथून जवळच असलेल्या या गावाच्या एका अंगाला ऊस, कांदा आणि ज्वारीची शेती, तर दुसऱ्या अंगाला सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि रांजणगाव येथील कारखानदारी पसरली आहे. शेजारच्या दौंड तालुक्यातही कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून गुऱ्हाळांपर्यंत हेच संमिश्र चित्र दिसते. गेल्या तीन-चार दशकांत या भागात रस्ते आले, वाहने आली, ट्रॅक्टर आले आणि घरोघरी विजेची साधने आली. या बदलाबरोबर रोगांचे स्वरूपही पालटले. पटकी, देवी, नारू यांची धास्ती मागे पडली. आज कर्त्या माणसाला अकाली हिरावून नेणारे रोग म्हणजे उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात होत.

२०१९–२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता, किंवा त्यासाठी ते औषधे घेत होते. या विकारांची कारणे म्हणून मीठ, तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, मधुमेह आणि बैठे जीवन यांचा उल्लेख नेहमी होतो व तो योग्यच आहे. परंतु गेल्या काही वर्षांतील संशोधनाने या यादीत आणखी एका कारणाची भर घातली आहे. हे कारण डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रोग्याला स्वतःहून त्याची जाणीवही होत नाही. ते कारण म्हणजे शिसे.

शिसे शरीरात कसे साठते?

शिसे हा मऊ, जड आणि कमी उष्णतेवर वितळणारा धातू आहे. तो सहज ओतता येतो, गंजत नाही आणि स्वस्त पडतो. त्यामुळे हजारो वर्षे माणसाने त्याचा नाना प्रकारे उपयोग करून घेतला. मात्र लोह, जस्त, तांबे या धातूंची शरीराला अल्प प्रमाणात का होईना गरज असते, तशी शिशाची मुळीच नसते. शरीरातील कोणतेही कार्य शिशावाचून अडत नाही.

शिशाचे कण श्वासावाटे, अन्नपाण्यावाटे किंवा धुळीने माखलेल्या हातांवाटे शरीरात जातात. प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारणतः दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो. लहान मुलांत हेच प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर आतडी शिसे अधिक प्रमाणात शोषून घेतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. उपरोक्त पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे दोन-तृतीयांश बालके रक्तक्षयग्रस्त आढळली होती. शिसे रक्तातील हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. म्हणजे रक्तक्षय शिशाला वाट करून देतो आणि शिसे रक्तक्षय वाढविते, असे हे दुष्टचक्र आहे.

रक्तात आलेले शिसे सुमारे महिनाभरात निम्मे होते. पण ते सारेच शरीराबाहेर जात नाही. रासायनिक दृष्ट्या शिसे कॅल्शियमची नक्कल करते, त्यामुळे शरीर त्याला हाडांमध्ये जागा देते. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तेथे ते वीस-पंचवीस वर्षे राहू शकते. गरोदरपण, स्तनपान, स्त्रियांची पाळी जाण्याचा काळ आणि वार्धक्य यांत हाडांची झीज होऊ लागली, की हे साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते. तरुणपणी बॅटरीच्या दुकानात काम केलेल्या माणसाला त्याचा हिशेब साठीत चुकवावा लागतो, तो यामुळेच.

हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणाम

शिसे म्हणजे मेंदूचे विष, विशेषतः मुलांच्या बुद्धीचे विष, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. हृदयावरील परिणामाकडे मात्र तुलनेने उशिरा लक्ष गेले. हा परिणाम मुख्यतः चार मार्गांनी घडतो.

पहिला मार्ग रक्तवाहिन्यांचा. निरोगी रोहिणीचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात सोडते. त्यामुळे रोहिणी सैल होते आणि रक्त विनासायास वाहते. शिशामुळे शरीरात तयार होणारे दाहक ऑक्सिजन-कण हा वायू नष्ट करतात. रोहिण्या ताठर होतात आणि रक्तदाब वाढतो.

दुसरा मार्ग स्नायूंचा. रोहिणीच्या भिंतीतील स्नायूंचे आकुंचन कॅल्शियमच्या संकेतावर चालते. कॅल्शियमची नक्कल करणारे शिसे या संकेतात ढवळाढवळ करते आणि स्नायू गरजेपेक्षा अधिक आवळले जातात.

तिसरा मार्ग मूत्रपिंडाचा. रक्तदाबाचा समतोल राखणारे हे इंद्रिय शिशामुळे हळूहळू निकामी होऊ लागते. मीठ व पाणी बाहेर टाकण्याची त्याची शक्ती घटते, रक्तदाब वाढविणारी संप्रेरके जास्त पाझरतात आणि वाढलेला रक्तदाब उलट मूत्रपिंडालाच अधिक इजा करतो.

चौथा मार्ग रोहिण्यांच्या आतील चरबीच्या थरांचा. अस्तराला वारंवार इजा झाली, की तेथे चरबीचे थर साचण्यास चालना मिळते. हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी अशा थराने अरुंद झाली आणि तेथे गुठळी अडकली, की हृदयविकाराचा झटका येतो. हेच मेंदूच्या रोहिणीत घडल्यास पक्षाघात होतो.

या चारही क्रिया अत्यंत संथपणे चालतात. पोटात कळा येणे, हिरड्यांवर निळसर रेघ उमटणे, मनगट लुळे पडणे ही शिशाच्या तीव्र विषबाधेची जुनी लक्षणे होत. अल्प प्रमाणातील शिशाने यांपैकी काहीच होत नाही. रक्तदाब तेवढा थोडा वाढतो, आणि त्याचे खापर वयावर किंवा दगदगीवर फोडले जाते.

संशोधनाचा पुरावा

रक्तातील शिसे एक डेसिलिटर रक्तामागे किती मायक्रोग्रॅम, असे मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अमेरिकेत १९९१ साली मुलांच्या बाबतीत १० हा आकडा काळजीचा मानला गेला. तो २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास शिशाचा उगम शोधून तो दूर केला पाहिजे. पूर्णतः निर्धोक म्हणता येईल असे शिशाचे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असेही संघटनेने स्पष्ट केले आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९८८ ते १९९४ या काळात सहभागी झालेल्या १४ हजारांहून अधिक प्रौढांचा पुढे सुमारे एकोणीस वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वय, तंबाखू, मधुमेह, उत्पन्न इत्यादी बाबींचा फरक वजा केल्यावरही, रक्तातील शिसे १ वरून ६.७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेलेल्या लोकांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रीकरण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, शिशाशी कामाचा कोणताही संबंध नसलेल्या भारतीय प्रौढांच्या रक्तातील शिशाची सरासरी ७ मायक्रोग्रॅमच्या वर होती. अमेरिकेत ज्या पातळीवर धोका वाढलेला दिसला, ती पातळी आपल्याकडे सर्वसाधारण ठरते, असा याचा अर्थ होतो.

शिशामुळे जगात नेमके किती मृत्यू होतात, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. २०२१ या वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटना पंधरा लाखांहून अधिक मृत्यूंचा, मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेल्या मृत्यूंचा, आकडा देते. जागतिक बँकेतील तज्ज्ञांनी २०२३ मध्ये मांडलेला २०१९ सालासाठीचा अंदाज पंचावन्न लाखांचा आहे. हा फरक गणनेच्या पद्धतीमुळे पडतो. केवळ रक्तदाबावाटे होणारी हानी मोजली, तर आकडा लहान येतो. रोहिण्यांवरील थेट परिणामही जमेस धरले, तर तो मोठा होतो. यांतील लहान आकडा ग्राह्य धरला, तरी प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये शिसे, कॅडमियम व आर्सेनिक यांना हृदयविकाराचे धोकादायक घटक म्हणून निवेदनाद्वारे मान्यता दिली.

साठलेले शिसे औषधाने काढून टाकता येईल काय, हा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. धातू बांधून मूत्रावाटे बाहेर काढणारी औषधे उपलब्ध आहेत आणि तीव्र विषबाधेत ती प्राण वाचवितात. हृदयरुग्णांवर त्यांचा प्रयोग २०१३ मध्ये काही अंशी यशस्वी झाल्याचे दिसले होते. परंतु मधुमेह असलेल्या सुमारे एक हजार हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातील शिसे ६१ टक्क्यांनी उतरूनही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. एकदा झालेली हानी सहजासहजी भरून निघत नाही. म्हणून शिसे शरीरात जाऊ न देणे हाच खरा उपाय ठरतो.

पश्चिम महाराष्ट्रातील कामगार

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी तयार करणारे कामगार, चांदीचे दागिने घडविणारे कारागीर आणि फवाऱ्याने रंग देणारे रंगारी यांच्या तपासणीचे निष्कर्ष २००६–०७ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. बॅटरी कामगारांच्या रक्तातील शिशाची सरासरी सुमारे ५४, चांदीच्या कारागिरांची सुमारे ४९ आणि रंगाऱ्यांची सुमारे २२ मायक्रोग्रॅम होती. तुलनेसाठी घेतलेल्या इतर माणसांत ती साडेबाराच्या आसपास होती. चांदी शुद्ध करताना शिसे वापरण्याची रीत प्राचीन आहे. भट्टीवरून उठणारा धूर कारागिराच्या छातीत जातो, आणि पुष्कळदा भट्टी घरातच असल्याने बायकामुलांच्याही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर कर्नाटकातील वाहन-दुरुस्ती कामगारांच्या अभ्यासात शिशाच्या वाढलेल्या प्रमाणाबरोबर रक्तदाबातही वाढ आढळली.

वास्तविक कायद्याने या धोक्याची दखल फार पूर्वीच घेतली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने जे व्यावसायिक रोग शासनास कळविणे बंधनकारक केले, त्यांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते. तथापि, कारखान्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या रस्त्याकाठच्या टपरीपर्यंत आणि घरातील भट्टीपर्यंत अशा तरतुदी पोहोचणे कठीण असते. तेथे पोहोचू शकते ती ग्रामपंचायत.

मुंबईचा अनुभव

शिशाविरुद्ध उपाय केले, तर त्यांचे फळ मिळते काय? याचे उत्तर मुंबईने दिले आहे. इंजिनाचा धक्का कमी व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची पद्धत विसाव्या शतकात जगभर रूढ होती. भारतात १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले होते. पेट्रोलमधील बदलानंतर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आले. कोणत्याही मुलाला औषध न देता, केवळ एका शासकीय निर्णयाने एवढा फरक पडला.

त्याच वेळी या आकड्यांनी दुसरीही गोष्ट दाखवून दिली. पेट्रोलमधून शिसे गेले, तरी तिसरा हिस्सा मुलांच्या रक्तात ते धोकादायक प्रमाणात उरलेच होते. म्हणजे शिशाचे अन्य उगम घरात, बाजारात आणि कामाच्या जागी शिल्लक होते. खेड्यापाड्यांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहेत.

गावातील व घरातील उगम

जुन्या बॅटऱ्या : जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक शिसे वाहनांच्या व साठवणुकीच्या बॅटऱ्यांत जाते. ट्रॅक्टर, मोटारसायकल, इन्व्हर्टर, सौरदिवे यांमुळे बॅटरी आज वाडीवस्तीवर पोहोचली आहे. बॅटरी बंद स्थितीत निर्धोक असते. ती कुऱ्हाडीने फोडून, आम्ल ओढ्यात ओतून आणि पत्रे उघड्या चुलाणावर वितळवून शिसे काढले जाते, तेव्हा धोका सुरू होतो. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात थियारोये येथे २००७–०८ मध्ये अशाच उद्योगाच्या परिसरात अठरा बालके दगावली. शिशाने माखलेली माती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि मुले तिच्यातच खेळतात.

स्वयंपाकाची भांडी : तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची आपली परंपरा आरोग्याला पोषक आहे, मात्र कल्हईसाठी शुद्ध कथील हवे. कथील महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून कथिलात शिशाची भेसळ होते. दोन्ही धातू दिसायला सारखेच चकचकीत असतात. चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो असे आंबट पदार्थ अशा भांड्यात शिजविले, की शिसे अन्नात उतरते. भंगार वितळवून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या व हिंडालियमच्या भांड्यांबाबतही अशीच शंका आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये अशा काही आयात भांड्यांविरुद्ध इशारा दिला. पंचवीस देशांतील बाजारांत केलेल्या एका तपासणीत धातूच्या भांड्यांपैकी सुमारे निम्म्या नमुन्यांत शिसे मर्यादेहून अधिक आढळले होते.

शेंदूर : महाराष्ट्रात गावोगावचा मारुती शेंदराने माखलेला असतो, आणि शिरूर तालुक्यातच अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड होय. गवयाला शेंदूर खाऊ घातला की त्याचा आवाज जातो, ही लोकसमजूत शेंदराच्या विषारीपणाची साक्ष देते. देवाला शेंदूर लावण्याच्या श्रद्धेला येथे बाध येत नाही. तो लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत, प्रसाद त्याच हाताने वाटू नये, लहान मुलाच्या कपाळाला किंवा ओठाला तो लागू देऊ नये आणि शिसेविरहित शेंदराचा आग्रह धरावा, एवढेच पुरेसे आहे.

हळद : हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यावर लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग चोळण्याची कुप्रथा काही ठिकाणी आढळली आहे. भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील तेवीस शहरांतून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांच्या तपासणीत सुमारे १४ टक्के हळदीत शिसे आढळले. पाटणा, गुवाहाटी, चेन्नई या शहरांतील काही नमुन्यांत ते फार मोठ्या प्रमाणात होते. येथे बांगलादेशचे उदाहरण आशादायक आहे. तेथे २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के हळद अशी भेसळयुक्त होती. शासनाने व्यापाऱ्यांना समज दिली, जनतेत प्रचार केला व दोषींना दंड केला. परिणामी २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. सांगलीसारखी हळदीची नामांकित पेठ ज्या राज्यात आहे, त्या राज्याने हळदीच्या शुद्धतेची काळजी वाहणे उत्पादकांच्याही हिताचे आहे.

रंग : घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. यंत्रसामग्रीसाठी वापरले जाणारे औद्योगिक रंग मात्र या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. शाळेच्या खिडक्या, बाके, घसरगुंडी, पाळणे यांना स्वस्त म्हणून असा रंग दिला गेला, तर मुलांच्या हातांशी शिसे रोजच येईल. बैलपोळ्याला शिंगांना लावायचा रंग आणि जुन्या भिंतींवरील पोपडे यांबाबतही हीच दक्षता हवी.

औषधे व प्रसाधने : आपल्या रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात आणि नागभस्म हे त्याचेच भस्म आहे. अशी औषधे जाणकार वैद्याच्या देखरेखीखेरीज घेणे धोक्याचे ठरते. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांच्या २००४ मधील तपासणीत १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. लेबल नसलेल्या पुड्या, बाजारात फिरत्या विक्रेत्याने दिलेल्या ‘शक्तिवर्धक’ गोळ्या आणि शिशाच्या खनिजापासून केलेला सुरमा हे टाळलेलेच बरे.

पंचायत, शाळा व आरोग्य केंद्र यांचे कार्य

वरील उगमांपैकी बहुतेकांवर गावपातळीवरच उपाय करता येतो आणि त्याला फार मोठा खर्चही लागत नाही.

ग्रामपंचायतीने गावात व शिवारात कोठे जुन्या बॅटऱ्या फोडल्या किंवा वितळविल्या जातात काय, याची पाहणी करावी. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या अधिकृत पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदारालाच परत करावी, असा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो. अनधिकृत भट्टी आढळल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयास कळवावे. असे काम करणारा बहुधा गरीब असतो. त्याला हुसकावून लावले, तर भट्टी शेजारच्या गावात जाते. म्हणून त्याला गोळा केलेला माल अधिकृत केंद्राला विकण्याचा मार्ग दाखविणे अधिक हिताचे ठरते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे चालत नाही. औद्योगिक वसाहतीजवळच्या आणि भंगाराच्या जागेजवळच्या विहिरी व विंधनविहिरी यांचे पाणी प्रयोगशाळेत तपासण्यास पाठविताना जड धातूंची तपासणी आवर्जून मागावी. नळयोजनेसाठी प्लास्टिकचे पाइप खरेदी करताना शिशाच्या वापरासंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांचे पालन झाल्याची खात्री करून घ्यावी. शाळा व अंगणवाडीच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात ‘शिसेविरहित रंग’ असा स्पष्ट उल्लेख असावा. जुना रंग कोरडा खरवडू नये. तो पाण्याने ओला करून काढावा, मुलांना सुट्टी असताना काढावा आणि पोपडे गोळा करून दूर ठेवावेत.

शिक्षकांचे काम याहून मोलाचे आहे. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय जंतूंइतकीच शिशालाही अडविते. केरसुणीने धूळ उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने वर्ग पुसल्यास मुलांच्या श्वासात जाणारी धूळ कमी होते. विज्ञानाच्या तासाला धातूंचा पाठ शिकविताना कल्हई, शेंदूर आणि बॅटरी यांची उदाहरणे दिली, तर तो पाठ विद्यार्थ्यांसोबत घरी पोहोचतो. शालेय पोषण आहार शिजविण्यासाठी मोठी भांडी घेताना नामांकित बनावटीचे पोलाद निवडावे. आहारातील हिरव्या भाज्या, नाचणी, डाळी, गूळ-शेंगदाणे आणि दूध यांतून मिळणारे लोह व कॅल्शियम हे शिशाविरुद्धचे संरक्षणच होय. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जात असल्याने मुलाला सकाळी काही खाऊन शाळेत पाठविण्यास पालकांना सांगावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाला ‘मीठ किती, तंबाखू किती’ या प्रश्नांबरोबरच ‘काम कोणते’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. बॅटरी, भंगार, रंगकाम, भांड्यांना झाळ देणे, चांदीची भट्टी यांपैकी एखादे उत्तर आले आणि रक्तदाब तरुण वयात किंवा औषधांनाही न जुमानता वाढलेला असला, तर रक्तातील शिशाच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे इष्ट ठरेल. कामगाराने कामाचे कपडे कामावरच बदलावेत, हातपाय धुऊन घरी यावे आणि कामाच्या जागी तंबाखू मळू नये किंवा भाकरी खाऊ नये, हे सांगायला औषधाची गरज नाही. रक्तदाबाची गोळी मात्र शिशाचे कारण सापडले म्हणून थांबवू नये, आणि तंबाखू व मीठ यांबाबतची पथ्येही सोडू नयेत. शिसे हे या कारणांच्या जागी आलेले नसून त्यांच्या जोडीला आहे.

संशयास्पद हळद, मसाले किंवा रंगीत मिठाई यांबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवून नमुना तपासून घेता येतो. लेड क्रोमेटची खात्री घरगुती चाचणीने होत नाही. पण अतिशय चकाकणारी, सर्व बाजूंनी एकसारखी पिवळी हळकुंडे पाहिली, की शंका अवश्य घ्यावी.

सामूहिक जबाबदारी

मीठ कमी करणे किंवा तंबाखू सोडणे माणसाच्या हाती असते. शिशाचे तसे नाही. शेजाऱ्याच्या आवारात फुटलेली बॅटरी, शाळेच्या बाकाचा रंग किंवा बाजारातील हळद यांवर एकट्या कुटुंबाचे नियंत्रण चालत नाही. म्हणून हा प्रश्न व्यक्तीच्या पथ्याचा कमी आणि गावाच्या कारभाराचा अधिक आहे. सार्वजनिक विहिरीत जंतुनाशक टाकून ज्या ग्रामपंचायतींनी पटकीला आळा घातला आणि नारूची पाळेमुळे खणून काढण्यास हातभार लावला, त्यांना हे काम अवघड नाही.

तळेगाव ढमढेरेसारख्या, शेती आणि कारखानदारी यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या गावांना या कामी विशेष संधी आहे. येथे बाजारपेठ आहे, शाळा आहेत, आरोग्यसेवा आहे आणि गावात दर आठवड्याला परिसरातील लोकांचा राबताही आहे. अशा गावाने जुन्या बॅटऱ्यांचा आणि शाळेच्या रंगाचा प्रश्न मार्गी लावला, तर आजूबाजूची गावे ते पाहतील. आज वर्गात बसलेल्या मुलाच्या हाडांत शिसे साठू दिले नाही, तर तीस-चाळीस वर्षांनी त्याच्या घरावर कोसळू शकणारे एक संकट टळलेले असेल. ते टळल्याची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही; परंतु लोकांच्या आयुष्याची खरी जपणूक अशाच कामांतून होत असते.